रेड कार्डवरचा सर्व्हर संध्याकाळी रांगायला लागतो, नवीन घेण्याआधी काय काय तपासावं?

उद्यमनगरी (धागालेखक)

मंडळी, नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं आणि तिच्या मशीन शॉपचं आयटी मी बघतो. ऑफिसात एकच सर्व्हर आहे. त्यावर लिनक्स, पोस्टग्रेस डेटाबेस आणि आमचा ईआरपी (बिलं, स्टॉक, उत्पादन सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर). ४ टीबीच्या चार डिस्क, ७२०० आरपीएमच्या, साटा, हार्डवेअर रेड कार्डवर (अनेक डिस्क मिळून एकच डिस्क करणारं कार्ड) रेड ५ मध्ये लावलेल्या, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. कार्ड मेगारेड जातीचं, १ जीबी कॅशचं. रॅम ६४ जीबी आहे आणि प्रोसेसर दिवसभर निवांत असतो.

त्रास असा आहे. सकाळी सगळं व्यवस्थित चालतं. दुपारी चारनंतर डिस्पॅचची घाई सुरू झाली की चलन, इनव्हॉइस, ई-वे बिल, हीटच्या (वितळवलेल्या धातूच्या एकेका घाण्याच्या) नोंदी सगळं एकदम सेव्ह व्हायला लागतं, आणि 'सेव्ह' दाबल्यावर दहा-दहा सेकंद स्क्रीन अडकून बसते. गेटवर ट्रक उभे असतात. ड्रायव्हर खिडकीतून डोकं आत घालून विचारतो, "साहेब, बिल झालं का?" रिपोर्ट बघायला किंवा जुनी ड्रॉइंग उघडायला काही अडचण नाही. मोठी फाइल कॉपी करतानाही ठीक वाटतं. बारीक बारीक लिहिताना अडतं.

याच कामाला हाच सर्व्हर आधी पुरून उरायचा. ज्यांनी बसवला त्यांचं उत्तर एकच, "जुना झाला, नवीन घ्या", आणि सोबत कोटेशन. मालकांना मी सांगितलंय की आधी कारण सापडू दे, मग खर्चाचं बोलू. कारणच कळलं नाही तर नवीन सर्व्हरसुद्धा असाच अडकणार नाही कशावरून?

सुरुवात कुठून करू?

रंकाळ्याचा_वारा

संध्याकाळच्या घाईतलं आयओस्टॅटचं (डिस्कवर किती काम चाललंय ते दाखवणारी कमांड) आउटपुट टाका. विस्तारित, म्हणजे एक्सवालं. त्याशिवाय बोलणं म्हणजे सगळे अंदाजपंचे.

गल्लीतला_अ‍ॅडमिन

एसएसडी टाक भावा, विषय संपला.

उद्यमनगरी

@रंकाळ्याचा_वारा, आजचं साडेचारचं घेतलंय. लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम २ एमबी, राइट अवेट (एका लिहिण्याला लागणारा सरासरी वेळ) १८० ते २५० मिलिसेकंदांच्या मध्ये, युटिल (डिस्क किती वेळ कामात असते) १०० टक्के. रीड अवेट १५-२० च्या आसपास.

डीडी (सलग मोठी फाइल लिहिणारी कमांड) लावून बघितलं तर सेकंदाला १.१ जीबी दाखवतंय. म्हणजे डिस्क ठीक आहेत असं धरायचं का?

रंकाळ्याचा_वारा

अजिबात नाही. तो आकडा तुमच्या रॅमचा आहे. चार ७२०० च्या डिस्क १.१ जीबी लिहूच शकत नाहीत. डीडीला ओफ्लॅग डायरेक्ट द्या, म्हणजे रॅम वगळून थेट डिस्कवर लिहील. त्याहून चांगलं म्हणजे एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारं साधन) लावा, ४ केचा ब्लॉक, रँडम राइट (विखुरलेल्या जागी लिहिणं), प्रत्येक लिहिण्यानंतर एफसिंक, म्हणजे डिस्कवर पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. डेटाबेस असंच लिहितो, तेव्हा मोजायचं तर असंच मोजा. आणि कामाच्या वेळेत नको, रात्री लावा.

युटिल १०० दिसलं म्हणून घाबरू नका. एकच डिस्क असेल तर त्या आकड्याला अर्थ आहे. कार्डाच्या मागे चार डिस्क असताना सिस्टिमला त्यांची एकच डिस्क दिसते, म्हणून तो आकडा फसवतो. अवेट मात्र खरा, आणि लिहायला २५० मिलिसेकंद म्हणजे फारच झालं.

ताराराणी_चौक

मूळची कोल्हापूरची, सध्या पुण्यात स्टोरेजच्या कामात आहे. तुमची लक्षणं वाचून मी पहिल्यांदा कार्डाची बॅटरी बघेन.

या कार्डावर कॅश असते, तुमच्याकडे १ जीबी आहे. राइट बॅक चालू असताना डेटाबेसनं 'हे लिही' म्हटलं की कार्ड ते कॅशमध्ये घेतं आणि लगेच 'झालं' म्हणतं. एका मिलिसेकंदाच्या आत काम मोकळं. डिस्कवर ते नंतर सवडीनं, नीट क्रम लावून उतरतं. पण वीज गेली तर कॅशमधलं जाऊ नये म्हणून तिला बॅटरी असते. बॅटरी मेली किंवा कमजोर झाली की कार्ड स्वतःहून राइट थ्रूवर जातं. म्हणजे डिस्कच्या तबकडीवर खरोखर लिहून होईपर्यंत 'झालं' म्हणतच नाही. स्क्रीनवर कुठलीही एरर येत नाही, सर्व्हर चालू राहतो, फक्त मंदावतो.

रेड ५ मध्ये हे फार महागात पडतं. एक छोटी नोंद बदलायची तर जुना डेटा वाचायचा, जुनी पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशोब) वाचायची, मग नवा डेटा लिहायचा, नवी पॅरिटी लिहायची. एका लिहिण्यामागे चार कामं. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. वाचून झाल्यावर त्याच जागी परत लिहायचं तर अख्खी फेरी वाट बघावी लागते. एका डिस्ककडून सेकंदाला ८० च्या आसपास रँडम कामं निघतात, चार डिस्कची मिळून ३२०. त्याला चारनं भागलं की उरतात ८०. संध्याकाळी तुमचे सगळे लोक मिळून त्या ८० मध्ये वाटेकरी असतात.

वाचणं ठीक आणि मोठी कॉपी ठीक, याचाही उलगडा त्यातच आहे. सलग लिहिताना पूर्ण पट्टी (चारही डिस्कवरचा एक आडवा थर) एकदम लिहिता येते, जुनं वाचावं लागत नाही.

मेगासीएलआयनं (या कार्डाची कमांड) व्हर्च्युअल डिस्कची, म्हणजे चौघी मिळून झालेल्या एका डिस्कची, माहिती काढा. त्यात कॅश पॉलिसीच्या दोन ओळी असतात, एक 'डिफॉल्ट' आणि एक 'करंट'. दोन्ही इथे टाका. बॅटरीची स्थितीही टाका.

उसाचा_फड

ताराराणी ताई, लई चांगलं समजावलंत. आमच्या कारखान्यावरच्या पोरांना मी असं सांगतो. राइट बॅक म्हणजे काट्यावर वजन झालं, ऊस यार्डात उतरला, पावती हातात घेतली की गाडीवान मोकळा. राइट थ्रू म्हणजे त्याच्याच मोळ्या गव्हाणीत पडेपर्यंत त्यानं बैल घेऊन थांबायचं. गळीत हंगामात असं केलं तर रांग कुठंपर्यंत जाईल बघा.

उद्यमनगरी

ताई, तुमचा अंदाज बरोबर ठरला.

डिफॉल्टच्या ओळीत राइट बॅक आहे, पुढे 'नो राइट कॅश इफ बॅड बीबीयू' (बीबीयू म्हणजे कार्डाची बॅटरी). करंटच्या ओळीत राइट थ्रू. बॅटरीच्या पानावर 'बदलण्याची गरज' समोर 'येस'. चार्ज जवळजवळ नाहीच.

रात्री एफआयओ लावलं. एफसिंकसकट सेकंदाला चाळीसच्या आसपास लिहिणी निघाली.

नवीन बॅटरी राजारामपुरीत दोन ठिकाणी विचारली, नाहीय. पुण्याहून मागवतोय, आठवडाभर तरी लागेल म्हणतात. तोपर्यंत काय?

गल्लीतला_अ‍ॅडमिन

मग बॅटरी असो नसो, राइट बॅक जबरदस्तीनं चालू कर की. कार्डात तसा पर्याय असतोय. ऑफिसला यूपीएस आहे ना? एक कमांड आणि ट्रक गेटबाहेर.

ताराराणी_चौक

@गल्लीतला_अ‍ॅडमिन, नको. हे कुणी करू नये, म्हणून जरा जोर देऊन लिहिते.

यूपीएस भिंतीतल्या सॉकेटपर्यंतची काळजी घेतो. सर्व्हरचा स्वतःचा पॉवर सप्लाय जळला, झाडू मारताना कुणाच्या पायात केबल अडकली, यूपीएसचीच बॅटरी ऐनवेळी बसली, तर कार्डाच्या कॅशमधलं सगळं जातं. जे जातं ते असं, की डेटाबेसला 'लिहिलं' म्हणून सांगून झालेलं आहे. शेवटच्या चार नोंदी गेल्या तर परत टाकता येतील. पण कॅशमधून डिस्कवर उतरण्याचा क्रम कार्ड ठरवतं. त्यामुळे नंतरचं लिहिलेलं आणि आधीचं हरवलेलं अशी अवस्था होते, आणि मग टेबलच उघडत नाही. फाइलसिस्टिमही जाऊ शकते. इनव्हॉइसला दहा सेकंद लागणं परवडतं.

गल्लीतला_अ‍ॅडमिन

आमच्या एका क्लायंटकडे वर्षानुवर्षं तसंच चालू आहे, काही झालेलं नाही.

रंकाळ्याचा_वारा

अजून झालेलं नाही.

लोणी_डोसा

दरम्यान काय करायचं याचं उत्तर पोस्टग्रेसमध्येच आहे. सिंक्रोनस कमिट बंद करा. मग कमिटला (नोंद पक्की करायला) डिस्कची वाट बघावी लागत नाही. मशीन पडलंच तर शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदातल्या नोंदी जाऊ शकतात, पण डेटाबेस खराब होत नाही, कारण क्रम पोस्टग्रेस सांभाळतं. सेटिंग एका सेशनपुरतंही देता येतं. हीटच्या नोंदींना बंद ठेवा, इनव्हॉइसला चालू ठेवा. एफसिंकचं सेटिंग मात्र चुकूनही बंद करू नका. ते वेगळं आहे, आणि त्यानं ताईंनी वर सांगितलेलीच अवस्था होते.

उद्यमनगरी

@लोणी_डोसा, धन्यवाद दादा. हीट आणि क्यूसीच्या (तपासणीच्या) नोंदींना हे आजच लावलं. इनव्हॉइसला हात लावलेला नाही. संध्याकाळी बराच फरक पडला, दहा सेकंदांचे तीन-चार झाले.

सँड_प्लांट

मीही फाउंड्रीतला, गोकुळ शिरगावचा. विषय थोडा वेगळा, पण विचारतो. तुमचा रॅक कुठल्या भिंतीला लागून आहे? आमच्याकडे सर्व्हरच्या खोलीच्या पलीकडेच शेकआउट (हादरे देऊन कास्टिंगवरची वाळू झाडणारं मशीन) होतं. मशीन चालू झालं की खोलीतल्या टेबलावरच्या पाण्यात वलयं उठायची. डिस्कचं हेड नॅनोमीटरच्या हिशोबात ट्रॅक धरून असतं, हादऱ्यानं ते सुटतं, परत धरावं लागतं, आणि दर वेळी एक फेरी वाया जाते. लिहिताना हे जास्त जाणवतं, कारण हेड जरा जरी ट्रॅकवरून सरकलं तर डिस्क लिहिणं थांबवते. शेजारच्या ट्रॅकवर लिहिलं गेलं तर तिथला डेटा जाईल ना.

ही अतिशयोक्ती वाटू नये म्हणून सांगतो. २००८ च्या शेवटी सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कच्या रॅकसमोर उभं राहून नुसतं ओरडून दाखवलं होतं, तेवढ्यानं लॅटन्सी (डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ) वर उडालेली ग्राफवर दिसते. माणसाच्या आवाजानं असं होत असेल तर शेकआउटनं काय होईल!

आम्ही रॅक दुसऱ्या बाजूला, ऑफिसच्या मजल्यावर नेला.

उद्यमनगरी

आमची खोली शॉपपासून लांब आहे, मध्ये स्टोअर आहे. तरी बघतो. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतात, तेव्हाचं आणि चालू असतानाचं आयओस्टॅट शेजारी ठेवून.

सँड_प्लांट

तीच खरी परीक्षा. आणि डिस्क घेताना सर्व्हरसाठीच्याच घ्या, त्यात कंपन ओळखणारे सेन्सर असतात. घरगुती डिस्कमध्ये बहुतेक नसतात.

घाटावरचा

पॉवरवरून आठवलं म्हणून लिहितो. बॅटरी नवीन बसली तरी ती कॅश कायमची धरून ठेवत नाही. साधारण ४८ ते ७२ तास, बस. एरवी एवढं पुरतं. पण आपल्याकडे कोल्हापुरात २०१९ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, वीज नाही, कोणी कुठं पोचू शकत नाही. २०२१ ला परत तेच. बंद पडलेल्या सर्व्हरपर्यंत तीन दिवसांत पोचता येईल असं पुराच्या वेळी धरून चालता येत नाही.

आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसचा नियम आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की बॅकअप घेऊन सर्व्हर व्यवस्थित शटडाऊन करायचा. नीट शटडाऊन केला की कॅश डिस्कवर उतरून रिकामी होते, मग बॅटरी किती टिकते हा प्रश्नच राहत नाही. ४३ फूट धोका पातळी, तोपर्यंत मशीन वरच्या मजल्यावर गेलेलं असतं. पाऊस वाढला की पातळीचे मेसेज तर दर तासाला सगळ्या ग्रुपवर फिरतच असतात.

ताराराणी_चौक

@घाटावरचा, हा नियम फार चांगला आहे, आमच्या कागदातही घालणार. नवीन कार्डांवर बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर आणि फ्लॅश असतं. वीज गेली की कॅपॅसिटरच्या जोरावर कॅश फ्लॅशमध्ये उतरते आणि तिथेच राहते, ७२ तासांची अट नाही. @उद्यमनगरी, तुमच्या कार्डाला तसला संच बसतो का ते विचारून बघा. लिथियम बॅटरी उष्णतेनं लवकर जाते, आणि फाउंड्रीच्या आवारात एप्रिल-मे कसे जातात ते तुम्ही जाणताच.

उद्यमनगरी

विचारलं ताई. या मॉडेलला नाही बसत, बॅटरीच लागेल.

करवीर_नेटवर्क्स

सगळे बॅटरीच्या मागे लागलेत, पण मूळ दोष रेड ५ चा आहे. डेटाबेसला रेड ५ द्यायचंच कशाला? रेड १० केलं (पॅरिटी नाही, प्रत्येक डिस्कची जोडडिस्कवर दुसरी प्रत) तर एका लिहिण्यामागे दोनच कामं. त्याच चार डिस्क, तोच ३२० चा हिशोब, ८० च्या जागी १६०. जागा कमी मिळेल हे मान्य, १२ टीबीऐवजी ८. पण ईआरपीला ८ टीबी लागतातच कुठे?

रंकाळ्याचा_वारा

छोट्या लिहिण्याचा हा भुर्दंड काही नवा शोध नाही. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड मांडलं तेव्हाच चार कामांचा हिशोब लिहून ठेवला होता. रेड १० चांगलंच, माझाही कल तिकडेच. पण यांचा सर्व्हर आधी याच रेड ५ वर याच कामाला पुरत होता. मग बदललं काय ते आधी शोधायचं. चालू ईआरपी उतरवून पूर्ण अ‍ॅरे (एकत्र लावलेल्या डिस्कचा संच) नव्यानं बांधणं हे एका संध्याकाळचं काम नव्हे.

करवीर_नेटवर्क्स

पुरत होता म्हणजे कॅश झाकून घेत होती. कॅश भरली की खाली डिस्क तेवढ्याच.

ताराराणी_चौक

तुमचं दोघांचंही खरं आहे. सलग अर्धा तास एकसारखं रँडम लिहीत राहिलात तर १ जीबी कॅश भरेल आणि वेग परत डिस्कच्या वेगाला येईल. क्रम लावून लिहिल्यामुळे थोडा जास्त मिळेल, इतकंच. पण डिस्पॅचचं काम असं सलग नसतं. झटका येतो, मग दोन मिनिटं शांत. असे झटके पचवायलाच कॅश आहे. रात्रभर मोठं प्रोसेसिंग चालणाऱ्या ठिकाणी मीही रेड १० च सांगेन.

लोणी_डोसा

आणखी एक मधला मार्ग. पॉवर गेल्यावर डेटा सांभाळणारे दोन सर्व्हर-वर्गाचे एसएसडी घ्या, त्यांचं रेड १ (दोघांवर एकच डेटा) करा आणि फक्त डेटाबेस त्यावर न्या. ड्रॉइंग, स्कॅन, बॅकअप राहू देत जुन्या डिस्कवर. फाउंड्रीच्या ईआरपीचा डेटाबेस शंभर-दोनशे जीबीच्या वर क्वचित जातो. @गल्लीतला_अ‍ॅडमिन यांची पहिली सूचना या रूपात अगदी योग्य आहे.

गल्लीतला_अ‍ॅडमिन

बघा, म्हटलं होतं ना! 😄

मंगळवार_पेठ

बॅटरी येईपर्यंत ट्रकवाल्यांना मिसळ खायला पाठवा. कट मागून मागून खाईपर्यंत दहा सेकंद कुठल्या कुठे जातील.

उद्यमनगरी

बॅटरी आली, बसवली. पहिला पूर्ण चार्ज होईपर्यंत कार्ड राइट थ्रूवरच होतं, तेव्हा जरा धाकधूक झाली. मग करंटच्या ओळीत राइट बॅक आलं. रात्री एफआयओ परत लावलं. सुरुवातीला सेकंदाला हजारोंत, आणि बराच वेळ चालू ठेवल्यावर ११०-१२० वर येऊन स्थिरावलं. ताई म्हणाल्या होत्या अगदी तसंच.

संध्याकाळी राइट अवेट २-३ मिलिसेकंद. बिलं पटापट निघायला लागली.

पण अजून एक गोष्ट उरलीय. मध्येच, तासातून एखाद-दोन वेळा, सगळं पाच-सात सेकंद ठप्प होतं आणि मग आपोआप सुटतं. वाचणंही थांबतं. आधी सगळंच हळू होतं म्हणून हे वेगळं दिसत नसावं. जेवणाच्या सुट्टीतही होतं, त्यामुळे @सँड_प्लांट यांचं कंपन यामागे नाही.

रंकाळ्याचा_वारा

वाचणंसुद्धा थांबतं म्हणजे एक डिस्क अडखळतेय. अ‍ॅरे आपल्या सगळ्यात हळू डिस्कच्या वेगानं चालतो. कार्डाकडून चारही डिस्कचे मीडिया एरर (डिस्कवरच्या खराब जागांमुळे आलेल्या चुका) आणि अदर एरर काढा. मग स्मार्टसीटीएलला (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) मेगारेडचा पर्याय आणि डिस्कचा क्रमांक देऊन प्रत्येकीचे पेंडिंग सेक्टर (वाचायला अडणाऱ्या जागा) आणि रिअलोकेटेड सेक्टर (बाद करून बदललेल्या जागा) बघा. कार्डानं 'ऑनलाइन' म्हटलं म्हणून डिस्क निरोगी आहे असं नसतं.

ताराराणी_चौक

आणि चौघी एकाच मॉडेलच्या आहेत का तेही बघा. सर्व्हरसाठीच्या डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडते आणि कार्डाला कळवते, कार्ड पॅरिटीवरून भरून काढतं. घरगुती डिस्क तिथेच झटत बसते, कधी कधी मिनिटभरही. स्मार्टसीटीएलमध्ये एससीटीईआरसी बघितलंत तर हा आकडा दिसेल, ७० म्हणजे ७ सेकंद.

उद्यमनगरी

स्लॉट २ मधल्या डिस्कवर मीडिया एरर १४३. बाकी तिघींवर शून्य. पेंडिंग सेक्टरही तिच्यावरच. आणि ती बाकीच्यांसारखी नाहीय! लेबल बघितलं तर डेस्कटॉपची डिस्क. एससीटीईआरसी 'सपोर्टेड नाही' म्हणतंय. माझ्या आधी केव्हातरी एक डिस्क गेली होती आणि देखभाल बघणाऱ्यांनी ती बदलली होती, तेव्हा ही बसवलेली दिसते. बिलावर नुसतं '४ टीबी हार्ड डिस्क' एवढंच लिहिलंय.

सर्व्हर-वर्गाची नवीन डिस्क मागवलीय. ती आली की जुनी काढून नवीन घालायची, मग आपोआप रिबिल्ड (बाकीच्या तिघींवरून नवीवर डेटा परत भरणं) होईल ना?

ताराराणी_चौक

थांबा, काढू नका!

ती डिस्क अडखळतेय पण चालू आहे. तुम्ही ती ओढून काढली की अ‍ॅरे उघडा पडला. मग रिबिल्डसाठी उरलेल्या तीन डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, १२ टीबी. त्या वेळात त्यांपैकी एकीनं जरी दगा दिला तर सगळं गेलं. साध्या साटा डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटांमागे एक न वाचता येणारा सेक्टर असं धरलेलं असतं, आणि तेवढे बिट म्हणजे सुमारे १२.५ टीबी.

सर्व्हरमध्ये एखादा स्लॉट रिकामा आहे का? असेल तर नवीन डिस्क तिथे घाला आणि कार्डाला कॉपीबॅक करायला सांगा, स्लॉट २ मधून नव्या डिस्कवर. जे वाचता येतं ते सरळ कॉपी होतं, जे येत नाही ते पॅरिटीवरून भरलं जातं. पूर्ण वेळ अ‍ॅरे शाबूत राहतो. कॉपी पूर्ण झाली की मगच जुनी काढा.

करवीर_नेटवर्क्स

तो १२.५ टीबीचा आकडा कंपन्या हात राखून लिहितात. मी याहून मोठे रेड ५ रिबिल्ड होताना पाहिलेत, प्रत्यक्षात डिस्क बऱ्याच चांगल्या निघतात. पण कॉपीबॅक करा, यात माझंही दुमत नाही. आणि आधी बॅकअप घ्या, घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

उद्यमनगरी

एक स्लॉट रिकामा आहे. बॅकअप घेतला, माझ्या डेस्कटॉपवर रिस्टोअर करून मागच्या महिन्याची दोन इनव्हॉइस उघडून बघितली. आठवडा सुट्टीच्या आदल्या रात्री लावतो.

उद्यमनगरी

झालं. रात्री लावलं होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी कॉपीबॅक पूर्ण. अ‍ॅरे 'ऑप्टिमल'. जुनी डिस्क काढून तिच्यावर मार्करनं 'बाद' लिहून ठेवलंय, नाहीतर कुणीतरी परत कुठल्या तरी पीसीत घालेल. मग कन्सिस्टन्सी चेक (डेटा आणि पॅरिटी जुळते का ते) चालवला, स्वच्छ आला.

मधली अडखळ पूर्ण थांबली. काल महिनाअखेर होती, सगळ्यात जास्त डिस्पॅच, तरी राइट अवेट ५ च्या वर गेला नाही. पोस्टग्रेसचं सिंक्रोनस कमिट परत पहिल्यासारखं चालू केलं.

खर्च एक बॅटरी आणि एक डिस्क. मालकांसमोर नवीन सर्व्हरचं कोटेशन आणि हा खर्च दोन्ही ठेवले. उरलेल्या पैशांतून @लोणी_डोसा म्हणतात तसे दोन एसएसडी पुढच्या तिमाहीत घ्यायला ते लगेच हो म्हणाले. ताराराणी ताई, रंकाळ्याचा_वारा, सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरला आलात की फाउंड्रीवर या, कास्टिंग ओतताना दाखवतो.

सँड_प्लांट

भारी! काटा किर्र काम झालं.

यंत्रमाग_इचल

इचलकरंजीहून. धागा वाचून आमच्या सर्व्हरवर जाऊन बघितलं. डिफॉल्ट राइट बॅक, करंट राइट थ्रू! पण बॅटरीची स्थिती 'ऑप्टिमल' दाखवतंय, चार्ज मात्र ४० टक्के. हे कसं काय?

ताराराणी_चौक

@यंत्रमाग_इचल, लर्न सायकल चालू असेल. जुनी कार्डं ठरावीक दिवसांनी बॅटरी पूर्ण उतरवून परत चार्ज करतात, तिची ताकद मोजायला. तेवढे काही तास बहुतेक कार्डं राइट थ्रूवर जातात. उद्या परत बघा, राइट बॅक आलेलं असेल. लर्न सायकलची पुढची वेळ बॅटरीच्या माहितीत दिसते, ती कामाच्या वेळेत पडत असेल तर रात्रीवर ढकलता येते.

यंत्रमाग_इचल

ताई, आलं परत राइट बॅक. पुढची वेळ सोमवारी सकाळी अकराची होती, रविवारी रात्री दोनवर नेली. आता हे रोज हातानं कोण बघणार?

रंकाळ्याचा_वारा

हातानं नको. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय) दर तासाला एक छोटी स्क्रिप्ट लावा. करंटच्या ओळीत राइट थ्रू दिसलं, किंवा कुठल्याही डिस्कचा मीडिया एरर मागच्या तासापेक्षा वाढला, की मेल. लर्न सायकलच्या वेळी एखादा मेल जास्तीचा येईल, तो येऊ द्या. आणि पहिल्या दिवशी मुद्दाम एक खोटा इशारा पाठवून बघा, मेल खरंच पोचतो का ते.